चहावर वावरात जाऊ नका : अंडं, ज्वारी आणि ओट्सची स्वस्त न्याहारी



या महिन्याच्या बैठकीसाठी हा धडा न्याहारीचा आहे. एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा आणि मधे मधे थांबून बोलावं. शेवटी चार आठवड्यांचं एक काम दिलं आहे, ते वहीत लिहून घ्यावं.

आधी एक प्रश्न. आज सकाळी तुम्ही काय खाल्लं? लेकरांनी काय खाल्लं, मालकानं काय नेलं, ते विचारलं नाही. तुम्ही स्वतः काय खाल्लं?

बऱ्याच जणींचं उत्तर ठरलेलं असतं. “चहा घेतला नं बाई.” कोणी दोन बिस्किटं बुडवली असतील, कोणी तेही नाही. मग निंदणाला, सोंगणीला नाहीतर कापूस वेचायला गेलो, ते भाकर सुटली अकरा-बारा वाजता. म्हणजे रात्री आठला जेवलेलं पोट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चहावर काढलं. पंधरा तास. बैलालाही आपण कामाला जुंपण्याआधी चारा टाकतो.

अंगात का दम नाही?

“चक्कर येते”, “पायऱ्या चढताना दम लागते”, “हातापायात जीवच नाही” हे आपल्या बैठकीत दर महिन्याला कोणी ना कोणी म्हणतं. याचं एक मोठं कारण रक्त कमी असणं हे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात झालं. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ होता. म्हणजे कमी व्हायचा तो वाढला. आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी त्यात असू शकतात.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर रक्त कमी समजतात. गरोदर बाईसाठी हा आकडा ११ आहे. आपला आकडा माहीत नसेल तर आशाताईला किंवा उपकेंद्रात विचारून तपासून घ्या.

एक गोष्ट सरळ सांगतो. नुसतं अंडं खाऊन रक्त वाढणार नाही. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि एका अंड्यातून जेमतेम एक मिलिग्रॅम मिळतं. त्यासाठी लोहाची गोळी, पालेभाजी, डाळ, तीळ आणि लिंबू लागतंच. अंड्याचा उपयोग दुसरा आहे. रक्त बनायला लोहाबरोबर प्रथिनं आणि बी-१२ जीवनसत्त्वही लागतं. बी-१२ भाजी-भाकरीत मिळत नाही. ते दूध, अंडी आणि मांस-मासळीतच असतं. काम करून झिजलेलं अंग भरून निघायलाही प्रथिनंच लागतात.

५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. आता सकाळचा हिशोब पाहा :

- चहा आणि दोन बिस्किटं : एक-दोन ग्रॅम
- एक बशी पोहे (४० ग्रॅम सुके पोहे) : ३ ग्रॅम
- ४० ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि एक अंडं : १० ग्रॅम
- ४० ग्रॅम ओट्स आणि एक अंडं : ११ ग्रॅम
- एक मूठ फुटाणे (३० ग्रॅम) : ६ ग्रॅम

ज्वारी किंवा ओट्ससोबत एक अंडं खाल्लं तर दिवसभराच्या गरजेचा पाव हिस्सा सकाळीच पोटात जातो.

ओट्स म्हणजे काय, आणि ते घ्यावेच का?

बडनेऱ्याच्या किराणा दुकानात आता ओट्सची पाकिटं लटकलेली दिसतात. लेकी-सुना मोबाइलवर पाहून आणतात. म्हणून नीट समजून घेऊ.

ओट्स हे गहू-जवासारखंच एक धान्य आहे. हिंदीत त्याला जई म्हणतात. आपल्याकडे दूधवाले शेतकरी रब्बीत ओट पेरतात, पण तो जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी. दुकानात मिळतात ते ओट्स म्हणजे दाणा सोलून, वाफवून, दाबून चपटा केलेला. जसे धानाचे पोहे, तसे हे जईचे पोहे समजा. आधीच वाफवलेले असतात, म्हणून पाच मिनिटांत शिजतात.

ओट्समध्ये एक चिकट चोथा असतो. शिजवल्यावर बुळबुळीत लागतं ते त्यामुळेच. हा चोथा रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो आणि पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतो. हा गुण खरा आहे.

पण आपल्या ज्वारीलाही कमी समजू नका. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम चोथा आणि ४ मिलिग्रॅम लोह असतं. ओट्समध्ये प्रथिनं थोडी जास्त, चोथा जवळपास तेवढाच. भावात मात्र फरक मोठा आहे. बहुतेक दुकानांत ओट्स किलोमागे ज्वारीच्या तिप्पट-चौपट महाग पडतात. ज्यांच्या घरी कोठीत ज्वारी आहे त्यांनी पैसे घालून ओट्स आणलेच पाहिजेत असं नाही. ज्वारीच्या प्रथिनांत एक घटक कमी असतो, तो अंड्यात भरपूर असतो. म्हणून ज्वारी आणि अंडं ही जोडी चांगली जमते.

मग ओट्स कोणी घ्यावे? ज्या घरी सकाळी अजिबात वेळ नाही, म्हाताऱ्या माणसाला चावत नाही, किंवा पोट्टे भाकरीला तोंड वाकडं करतात, तिथं पाच मिनिटांत होणारे ओट्स कामाचे आहेत. घ्यायचे तर साधे घ्या. चटपटीत मसाला ओट्सच्या छोट्या पुड्यांत मीठ जास्त असतं आणि किलोचा हिशोब केला तर त्या फार महाग पडतात. रक्तदाब असलेल्या माणसाला तर नकोच. मसाला आपल्या घरी आहे.

चार न्याहाऱ्या

खालचं माप चार माणसांचं आहे.

१. अंडं घातलेली उकडपेंडी

साहित्य : दीड वाटी ज्वारीचं पीठ (अर्धं कणीक घेतलं तरी चालेल), ४ अंडी, २ कांदे, ३-४ हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, मोहरी, जिरं, हळद, मीठ, ३ चमचे तेल, सांबार, लिंबू.

कृती : कढईत एक चमचा तेल टाकून अंडी फोडून घाला, चिमूट मीठ टाकून भुर्जी करून बाजूला काढा. त्याच कढईत उरलेलं तेल टाका. मोहरी, जिरं, कढीपत्ता, मिरची, कांदा परतून हळद घाला. आता पीठ घालून मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा. दीड वाटी गरम पाण्यात मीठ विरघळवा आणि ते थोडं थोडं शिंपडत सराट्यानं हलवत राहा. पीठ मोकळं झालं की झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ येऊ द्या. शेवटी भुर्जी मिसळा, वरून सांबार आणि लिंबू. ताक घरचं असेल तर अर्ध्या पाण्याऐवजी ताक वापरा.

२. ओट्स-अंड्याचं धिरडं

साहित्य : २ वाट्या साधे ओट्स, अर्धी वाटी बेसन, ४ अंडी, १ कांदा, एक मूठ चिरलेला पालक किंवा मेथी, मिरची, हळद, ओवा, मीठ, तेल.

कृती : ओट्स मिक्सरमधून काढा. लाइट नसेल तर हातानं चुरून दहा मिनिटं पाण्यात भिजवा. त्यात बेसन, फोडलेली अंडी आणि बाकी सगळं मिसळून धिरड्याइतकं सैल करा. तव्यावर थोडं तेल लावून जाडसर पसरा, झाकण ठेवा, मग उलटून दुसरी बाजूही नीट भाजा. आतून ओलं राहू देऊ नका. आठ लहान धिरडी होतात. ओट्सऐवजी ज्वारीचं पीठ घेतलं तरी हेच माप.

३. फोडणीची भाकर, अंड्यासंगं

साहित्य : रात्रीच्या ३ भाकरी, ४ अंडी, २ कांदे, १ टमाटर, मूठभर शेंगदाणे, तिखट, हळद, मीठ, फोडणीचं सामान.

कृती : भाकर बारीक कुस्करा. फोडणीत शेंगदाणे, कांदा, टमाटर परता. हळद-तिखट घालून अंडी फोडून टाका आणि ती पूर्ण घट्ट होईपर्यंत हलवा. मग भाकरीचा चुरा घाला, पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ द्या. दहा मिनिटांत होते, आणि भाकर वाया जात नाही.

४. मऊ खिचडी आणि उकडलेलं अंडं

म्हातारी माणसं, आजारी माणूस आणि लहान लेकरांसाठी. एक वाटी ज्वारीच्या कण्या रात्री भिजवा. सकाळी पाव वाटी मुगाची डाळ, हळद, मीठ आणि पाच वाट्या पाणी घालून कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या करा. वरून जिऱ्याची फोडणी. कण्या नसतील तर डाळ आधी शिजवून घ्या, त्यात दोन वाट्या ओट्स आणि लागेल तसं पाणी घालून पाच मिनिटं उकळा. अंडी वेगळ्या गंजात थंड पाण्यात ठेवून उकळी आल्यावर दहा मिनिटं उकडा. सहा महिन्यांवरच्या बाळाला पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून, आधी चमचाभर देऊन पाहा. अंगावर गांधी उठल्या किंवा उलटी झाली तर थांबवा आणि दवाखान्यात दाखवा.

ज्या घरी अंडं चालत नाही : दुसऱ्या धिरड्यात अंड्याऐवजी बेसन एक वाटी करा आणि अर्धी वाटी दही घाला. उकडपेंडीत मोड आलेली मटकी किंवा भिजवलेले हरभरे टाका. संगं एक मूठ फुटाणे किंवा शेंगदाणे आणि कपभर दूध घ्या. बी-१२ साठी दूध-दही सोडू नका.

सगळ्यांसाठी एक नियम : न्याहारीवर लगेच चहा नको. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चहा आणि न्याहारी यांत एक तास ठेवा. लिंबू मात्र जरूर पिळा, त्यानं लोह जास्त शोषलं जातं.

खर्चाचा हिशोब

भाव रोज बदलतात, म्हणून खाली समजा म्हणून आकडे घेतले आहेत. तुम्ही आपल्या दुकानातले भाव घालून वहीत पुन्हा करा.

समजा अंडं ७ रुपये, ज्वारीचं पीठ ४० रुपये किलो, ओट्स १८० रुपये किलो. तेल, कांदा, मिरची मिळून १० रुपये.

उकडपेंडी : ४ अंडी २८ रुपये, १६० ग्रॅम पीठ साडेसहा रुपये, बाकी १० रुपये. एकूण साडेचव्वेचाळीस. माणशी ११ रुपये.

तेवढेच ओट्स घेतले तर : अंडी २८, ओट्स २९, बाकी १०. एकूण ६७. माणशी जवळपास १७ रुपये.

आता हॉटेलातली नाश्त्याची एक प्लेट कितीला पडते ते तुम्हीच सांगा. लेकरांच्या कुरकुरे-बिस्किटाच्या पुड्यांचा महिन्याचा खर्चही एकदा जोडून पाहा.

गटानं मिळून घेतलं तर आणखी वाचतं. चार माणसांच्या घराला आठवड्यातून तीन दिवस न्याहारी म्हणजे १२ अंडी. दहा घरांची १२०. अंड्याचा एक ट्रे ३० चा असतो, म्हणजे आठवड्याला बरोबर ४ ट्रे. सुट्या अंड्यापेक्षा ट्रेमध्ये नगामागे एक रुपया जरी कमी लागला, तरी आठवड्याला गटाचे १२० रुपये वाचले. दर आठवड्याला दोघींनी पाळीनं जाऊन आणायचं, त्याच दिवशी वाटायचं, पैसे रोख. उधारी ठेवू नका, नाहीतर अंड्यावरून गटात भांडण.

घरच्या कोंबड्या असतील तर

आपल्याकडे कोंबडी बाईची असते आणि अंड्याचे पैसेही तिच्याच हाती येतात. म्हणून गावरान अंडी जपून विकली जातात. मीठ-मिरची, लेकराची वही त्यातूनच होते. पूर्ण विकणं बंद करा असं कोणी म्हणणार नाही. पण दहा अंडी झाली तर सहा विका आणि चार घरात ठेवा. गावरान अंड्याला भाव जास्त मिळतो. एक गावरान विकून त्या पैशात फार्मची एक-दोन अंडी येत असतील, तर तसं करायलाही हरकत नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. तांबड्या कवचाच्या आतलं अंडं पांढऱ्यापेक्षा जास्त ताकदीचं असतं हा समज खरा नाही.

परसातल्या कोंबड्या वाढवायच्या असतील तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं काढलेली वनराजासारखी जात आहे. ती गावरान कोंबडीसारखी मोकळी फिरते आणि अंडी जास्त देते. लसीकरण आणि पिल्लांची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दुर्गापूर (बडनेरा) इथल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

अंडी सांभाळताना

- तडकलेलं अंडं घेऊ नका.
- शंका आली तर गंजभर पाण्यात सोडा. तळाशी आडवं बसलं तर ताजं. उभं राहिलं तर जुनं, पण लवकर वापरता येतं. वर तरंगलं तर फेकून द्या.
- अंडी आणून धुऊन ठेवू नका. फोडायच्या आधी धुवा. नंतर हात साबणानं धुवा.
- फ्रीज नसेल तर थंड, सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. आपल्या वऱ्हाडातल्या एप्रिल-मे महिन्यात दोन-तीन दिवसांपुरतीच आणा.
- कच्चं किंवा अर्धकच्चं अंडं खाऊ नका, गरोदर बाई आणि लेकरांनी तर मुळीच नाही. दुधात कच्चं अंडं फेटून पिणं बंद करा.
- उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा लवकर खराब होतं. उन्हाळ्यात वावरात नेऊ नका, घरीच खाऊन निघा. थंडीत न्यायचं तर सालासकट न्या आणि पोचल्याबरोबर खा.

“अंडं उष्ण पडते बाई”

हे आपण सगळ्याच ऐकत आलो. उन्हाळ्यात अंडं खाल्लं की आजार होतो असं नाही. उन्हानं नासलेलं अंडं खाल्लं तर होतो, म्हणून वरचे नियम पाळा आणि पाणी भरपूर प्या. “गरोदरपणात नको” हेही चूक आहे. त्याच काळात बाईला जास्त प्रथिनं लागतात. आपल्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चालते. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं, आणि पुढे लहान लेकरांसाठी अंडी-केळी त्यात आली. शासन गरोदर बाईला अंडं देतं, मग घरी कशाला नाही म्हणायचं? हृदयाचा, किडनीचा आजार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून किती खायचं ते ठरवावं.

शाळेतल्या लेकरांचंही ध्यानात घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनानं पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला. म्हणजे ते अंडं आता घरूनच द्यावं लागेल.

शेवटचं आणि महत्त्वाचं

वरचं सगळं करूनही एक गोष्ट होऊ शकते. चार अंडी फुटली, भुर्जी झाली, मालकाला वाढली, पोट्ट्यांना वाढली, सासऱ्याला वाढली, आणि आपल्या ताटात कढई पुसून घेतलेली भाकर आली. “मले नाही आवडत अंडं” असं म्हणून कितीतरी जणींनी वर्षं काढली. खरंच आवडत नसेल तर फुटाणे खा, दही खा. पण लेकरांना पुरावं म्हणून तसं म्हणत असाल, तर ते थांबवा.

घरात जितकी माणसं तितकी अंडी मोजून फोडा, आणि त्यात स्वतःला मोजा. कमी असतील तर सगळ्यांना सारखं वाटा. ताटं एकाच वेळी वाढा. सकाळी सगळ्यांत आधी उठून, पाणी भरून, स्वयंपाक करून वावरात जाणारं माणूस तुम्हीच आहात.

बैठकीत बोलायचे प्रश्न

१. आपल्या गटात किती जणी सकाळी चहावर निघतात? हात वर करून मोजा, आकडा इतिवृत्तात लिहा.
२. आपल्या गावात अंडं, ज्वारी आणि ओट्सचा आजचा भाव काय? वरचा हिशोब त्यावर पुन्हा करा.
३. हिमोग्लोबिन कधी तपासलं? ज्यांना आठवत नाही त्यांची यादी आशाताईंना द्या.
४. गटानं मिळून ट्रे आणायचा का? पाळी कोणाची?

चार आठवड्यांचं काम

वहीच्या एका पानावर प्रत्येकीचं नाव लिहा आणि पुढे चार रकाने पाडा. ज्या आठवड्यात तुम्ही स्वतः निदान तीन दिवस कामाला जाण्याआधी अंड्याची किंवा डाळ-दाण्याची न्याहारी केली, त्या रकान्यात खूण करा. लेकरांनी खाल्लं त्याची खूण चालणार नाही. पुढच्या बैठकीत पान उघडा, रिकामे रकाने कोणाचे ते पाहा, आणि काय अडलं ते तिला प्रेमानं विचारा. वेळ अडला, पैसा अडला की घरचं कोणी अडलं, ते कळलं तर त्यावर गट मिळून काही करू शकेल.

ज्या गटाला या चारपैकी एखादी न्याहारी आपल्या पद्धतीनं अधिक चांगली जमेल, त्यांनी ती लिहून आपल्या सीआरपी ताईंकडे द्यावी. पुढच्या अंकात छापू.